जितकी माणसं तितकी पानं

सुगत, तुझा फोन परवापर्यंत वाजत होता.

परवा स्नेहलनं मला फोन केला. तुझ्या बायकोचा आवाज आता इतका बसलाय की पहिलं वाक्य संपेपर्यंत मला ती ओळखूच आली नाही. "वैजूताई, परत एक फोन आलता," ती म्हणाली. "ओ निगेटिव्ह रगत पायजे म्हणं. मी म्हटलं, ते न्हाईत. तर तो माणूस म्हणतोय, मग कवा येतील?" मग ती म्हणाली, "काय सांगायचं ओ असल्यांना?"

तिला काय सांगायचं ते मला माहीत नव्हतं, पण फोन का येतात ते पक्कं माहीत होतं. आपण दोघांनी रक्तदात्यांच्या मंडळासाठी जो प्रोग्रॅम लिहिला, त्यात तुझं नाव तोवर तसंच होतं. ओ निगेटिव्ह म्हणून विचारलं की तूच पहिला यायचास, फोन नंबरासकट. डेटाबेसला हात लावणारे आपण दोघंच. त्यातला एक गेला आणि दुसरीला ते एक नाव काढवेना. तिकडं कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी नवरा हॉस्पिटलच्या जिन्यात उभा राहून मेलेल्या माणसाला फोन लावतोय, हे कळूनही काढवेना.

म्हणून आता तुझ्याशी बोलून घेते. तू असतास तर म्हणाला असतास, "वैजाक्का, भाषण नको, काम कर." पण आता तुला मध्ये बोलता येणार नाही, तेव्हा निमूट ऐक.

पहिलं भांडण आठवतंय? राजारामपुरीतली आपली ती खोली, खाली झेरॉक्सचं दुकान, वर आपण. प्रोग्रॅमचा पहिला कच्चा खर्डा मी केला होता. काम साधं वाटत होतं. पेशंटचा रक्तगट सांगितला की त्याला चालणाऱ्या गटांची यादी करायची आणि डेटाबेसला विचारायचं, ह्यांपैकी कुठल्याही गटाचे दाते दाखव. ही यादी कधी लांब, कधी आखूड. एबी पॉझिटिव्हवाल्याला आठही गट चालतात, ए पॉझिटिव्हला चार, आणि तुझ्यासारख्या ओ निगेटिव्हला फक्त ओ निगेटिव्ह. गावांचीही तशीच यादी, नातेवाईक टाइप करतील तेवढी. मी सगळी नावं स्वल्पविरामांनी जोडून सरळ त्या प्रश्नाच्या वाक्यातच चिकटवून दिली होती. चालत होतं. मी चहा सांगितला होता.

तू चहा प्यायला नाहीस. माझी खुर्ची बाजूला सरकवलीस, गावाच्या चौकटीत गावाऐवजी डेटाबेसच्या भाषेतली कसलीतरी अर्धी ओळ टाइप केलीस आणि बटण दाबलंस. मंडळातल्या सगळ्या दात्यांची नावं आणि फोन नंबर पडद्यावर ओतले गेले. गाव नाही, गट नाही, सगळेच. त्यात माझा नंबर होता, माझ्या धाकट्या बहिणीचा होता, कॉलेजातल्या कितीतरी पोरींचे होते.

"आता हे मी केलं," तू म्हणालास. "उद्या एखाद्या मवाल्यानं केलं तर ह्या पोरींना कुणाकुणाचे फोन येतील?"

"असलं कोण करतंय इथं?" मी म्हटलं.

"करणाऱ्याचा पत्ता शोधत बसू नको की. दार उघडं कुणी ठेवलं ते बघ."

मी चिडले होते. केलेल्या कामावर कुणी पाणी ओतलं की मी चिडतेच, तुला ठाऊक आहे. पण रात्री बहिणीशी बोलताना तो पडदा डोळ्यांसमोरून जाईना. दुसऱ्या दिवशी मी तुलाच म्हटलं, तू दुरुस्त कर.

तू केलंस, आणि मग तूही आपटलास. हे मी लिहितेय कारण स्मृतिलेखात माणसाला संत करून टाकायची खोड आपल्या लोकांना आहे, आणि तू संत झालास तर मला तुझ्याशी भांडता येणार नाही. तू माझं चिकटवणं काढलंस. वाक्य वेगळं, मजकूर वेगळा. वाक्यात जिथं गट यायचा तिथं नुसतं प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि गट बाजूनं द्यायचा, म्हणजे आलेलं काहीही डेटाबेस फक्त मजकूर म्हणून घेतो, हुकूम म्हणून नाही. पद्धत बरोबर होती. पण तू प्रश्नचिन्ह एकच ठेवलंस आणि अख्खी यादी जोडून त्या एकातच कोंबलीस. आणि तपासताना, नेहमीप्रमाणे, स्वतःचाच गट टाकलास. कुठलीही गोष्ट तू आधी स्वतःच्या नावावर तपासायचास, दुसऱ्याचं नाव उगीच कशाला म्हणून. ओ निगेटिव्हची यादी एकट्याची. ती एका प्रश्नचिन्हात छान बसली. तुझं नाव आलं. आपण खूश.

बाकी सगळ्यांना कुणीच सापडेना. डेटाबेस बिचारा असा एक माणूस शोधत होता ज्याचा रक्तगट म्हणजे चार गटांची स्वल्पविरामांसकट लिहिलेली आख्खी ओळ आहे. असा माणूस कोल्हापुरात काय, जगात नाही. आणि चूकही दाखवत नव्हता, नुसतं शून्य.

मग तो राधानगरीकडचा माणूस जिना चढून वर आला. चिखलाचे बूट, हातात हॉस्पिटलची पिशवी. बापाचं ऑपरेशन अडलं होतं. "एवढ्या मोठ्या कोल्हापुरात बी पॉझिटिव्हचा एक माणूस न्हाय व्हय, पावणं?" तो ओरडला. "काल धरनं बघतोय. न्हाय, न्हाय, न्हाय. का आमच्या बाला द्यायचं न्हाय म्हणून लपवून ठेवलाय?"

तुझा चेहरा मला आजही दिसतो. तू त्याला खुर्ची दिलीस, कीबोर्ड ओढलास, बी पॉझिटिव्ह टाकलंस, शून्य बघितलंस आणि उठलास. "चला," त्याला म्हणालास, "माझं चालतंय तुमच्या बाला." आणि त्याच्या मागं बसून गेलास, रक्त देऊन आलास, दंडावरचा कापूस तसाच ठेवून कामाला बसलास. म्हातारा वाचला. त्यानं नंतर घरचा गूळही पाठवला. पण ती चूक तू कधी विसरला नाहीस. त्या काळात आणखी कितीजण शून्य बघून निमूट परत गेले असतील, असं तू मध्येच म्हणायचास, जेवताना, गाडी चालवताना. मी म्हणायचे, सोड आता. तू सोडलं नाहीस.

तुझ्या डोक्यात पंगत आली ती तेव्हा. तुझ्या गावच्या विहारात जयंतीच्या जेवणाला मी एकदा आले होते, म्हणून मला ती कळली. आबा, तुझे वडील, पानं मांडायला. खांद्यावर पत्रावळींची चवड घेऊन ते दारात उभे राहायचे, बाहेरची माणसं नजरेनं मोजायचे, आणि जेवढी माणसं तेवढीच पानं मांडायचे. दोघांत एक पान नाही, पान नसताना कुणाला बसवणं नाही. कुणीतरी हौशी पाहुणा आमटीच्या पळीला हात घालायला गेला तर आबा म्हणाले, "पावणं, पान तुमचं, पळी आमची."

त्या दिवशी रक्त देऊन खोलीत परत आल्यावर तू फळ्यावर तेच लिहिलंस. यादी आधी मोजायची. जितकी नावं तितकी प्रश्नचिन्हं मांडायची. प्रत्येकाला त्याचं त्याचं पान. आणि आलेल्या कुणाच्याही हातात पळी द्यायची नाही. पुराच्या दिवसांत एकदम शेकड्यांनी दात्यांना निरोप धाडायची वेळ आली आणि डेटाबेस म्हणाला, इतकी प्रश्नचिन्हं एका वाक्यात मावत नाहीत, तेव्हाही मी पुन्हा चिकटवायला निघाले होते. तू म्हणालास, "मावत न्हाईत तर दुसरी पंगत बसव की. पहिली उठली की दुसरी. कुणी उपाशी ऱ्हात न्हाय." आणि यादीचे तुकडे करून एकेक पाठवलास.

मी म्हटलं होतं, "पंगतीचं एवढं काय वेड रे तुला?" तेव्हा तू पडद्यावरची नजर न काढता सांगितलंस की तुझ्या आज्ज्याला गावच्या लग्नांत पान मिळायचं नाही. सगळ्यांचं उरकल्यावर त्यानं मांडवाबाहेर बसायचं आणि उरलेलं वरून घालतील ते फडक्यात घ्यायचं. म्हणून आबा मोजतात. एवढंच बोललास आणि पुढची ओळ लिहायला लागलास. मी पाटलांची. आमच्या घरच्या पंगतींच्या कितीतरी गोष्टी मी लहानपणी कौतुकानं ऐकल्यात, मांडवाबाहेर कोण बसलं होतं ते त्यांत कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी काय बोलायला हवं होतं ते अजून शोधतेय.

आपलं शेवटचं भांडण मात्र राहिलंच. रिकाम्या यादीचं.

प्रोग्रॅम आधी बघतो की आज कोण रक्त देऊ शकतं. गट जुळतो का, मागचं दान होऊन तीन महिने झालेत का. त्यातून निघालेली यादी घेऊन मग त्यांचे फोन नंबर मागतो. आणि पहिल्या पायरीला कुणीच निघालं नाही तर? शून्य माणसं, शून्य प्रश्नचिन्हं, ती ज्या कंसात मांडायची तो कंस रिकामा. डेटाबेस तिथं अडखळतो. मी म्हटलं होतं, मग 'ह्यांपैकीच दाखव' ही अटच काढून टाकू. तू कपाळाला हात लावलास. "अट काढली की सगळेच येतील, अक्का. कुणी न्हाय आणि सगळे हायत, ह्यात फरक न्हाय व्हय?" ते मला पटलं. रिकामी यादी घेऊन डेटाबेसकडं जायचंच नाही, दारातनंच परत फिरायचं आणि माणसाला खरं सांगायचं, हे ठरलं.

पण खरं कसं सांगायचं त्यावर आपलं कधी जमलं नाही. मी लिहिलं होतं, "क्षमस्व, सध्या दाते उपलब्ध नाहीत. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा." तू ते खोडलंस. "थोड्या वेळानं काय उगवणार हाय का? तो बिचारा बसंल की बटण दाबत." आणि तू तुझं लिहिलंस. मंडळाच्या लोकांनी तक्रार केली, हे फार तोडून बोलल्यासारखं वाटतं, घाबरलेल्या माणसाला असं कुणी सांगतं का? मीही त्यांच्याच बाजूची. त्या दिवशीही दुपारी आपण ह्यावरच भांडलो. तू म्हणालास, "गोड बोलून कुणाला रगत मिळत न्हाय." मी म्हटलं, "तुला माणसांशी बोलता येत नाही." तू गाडीची किल्ली उचललीस. "बरं, उद्या बघू," म्हणालास आणि जिना उतरून गेलास.

सुगत, दुसऱ्याचा प्रत्येक नंबर जिवापाड जपणारा तू, हेल्मेट डिकीत ठेवून महामार्गावर गेलास. ह्याचा मला इतका राग येतो की रडता रडता मी तुला शिव्या देते. डिकी फुटली आणि हेल्मेटला ओरखडा नाही. पोलिसांनी ते पिशवीत घालून स्नेहलला दिलं. तिनं ते कुठं ठेवलंय ते मी विचारलं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी रक्त मागितलं. मी व्हरांड्यात उभी राहून मोबाइलवर आपलाच प्रोग्रॅम उघडला. पेशंटचा गट, ओ निगेटिव्ह. शोध. पहिलं नाव तुझं आलं. आत टेबलावर असलेल्या माणसाचं नाव आणि त्याचा नंबर, आणि त्याच्याखाली आणखी दोन. मी हसले, की रडले, मला सांगता येणार नाही. शेजारची बाई माझा दंड धरून म्हणाली, "बसा, बाई, बसा."

खालच्या दोघांना मी फोन लावले. एक नृसिंहवाडीचे शिक्षक, शाळा सोडून आले. दुसरा इचलकरंजीच्या मागावरचा, मूळचा बिहारचा. पाळी अर्धी टाकून, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन आला. "सुगतभाऊ ने ही तो मेरा नाम लिखा था," म्हणाला आणि हात पुढं केला. दोघांचंही रक्त तुला चढलं. डॉक्टरांनी नंतर मला नीट समजावून सांगितलं की रक्त कमी पडलं नव्हतं, डोक्याचा मार होता. तुझ्या यादीनं तुला दगा दिला नाही. हे तुला कळावं म्हणून मुद्दाम सांगतेय, नाहीतर तू तेही मनाला लावून घेतलं असतंस.

तुझ्या जलदान विधीला मी तुझ्या गावी गेले. विहारात वंदना झाली, बाहेर पंगत. आबा पानं मांडत होते. मुलाच्या जेवणाला बापानं पानं मांडू नयेत म्हणून सगळ्यांनी सांगून बघितलं, त्यांनी ऐकलं नाही. तीच चवड, तीच नजर. मी त्यांच्या मागून द्रोण ठेवत चालले होते. पहिली ओळ संपली तेव्हा मी एक जादा पत्रावळ घेतली आणि कडेला मांडायला वाकले. आमच्याकडं गेलेल्या माणसाचं पान काढून ठेवतात. मला दुसरं काही सुचलंच नाही.

आबांनी माझा हात धरला.

"काय करतीस, पोरी?"

"सुगतचं."

त्यांचे डोळे कोरडे, लाल. "जो बसणार न्हाय त्याचं पान मांडायचं न्हाय," ते म्हणाले. "बाहेर बघ की. माणसं उभी हाईत."

मी बाहेर बघितलं. खरंच उभी होती. उन्हात, पोरंबाळं घेऊन. आबांनी ती पत्रावळ माझ्या हातातनं घेतली, दुसऱ्या ओळीत मांडली आणि एका म्हातारीला हात देऊन त्या पानावर बसवलं. मग चवड काखेत धरून भिंतीकडं तोंड करून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. कुणी जवळ गेलं नाही. मग ते वळले आणि पुन्हा मोजायला लागले.

हे सगळं होऊनही मला आणखी काही दिवस लागलेच. स्नेहलचा परवाचा तो फोन यावा लागला. त्या माणसाचा नंबर मी तिच्याकडून घेतला. बहीण बाळंतीण, रक्त जात होतं. तुझ्या फोनवर त्यानं चारदा लावलं होतं म्हणे, कारण तुझ्याशिवाय यादीत कुणी नव्हतंच. त्या दोघांनी तुला रक्त दिलंय, त्यांचे तीन महिने अजून भरायचेत. मी त्याला म्हटलं, थांबा, बघते. म्हटलं आणि जीभ चावली. थांबा काय थांबा?

मी खोलीवर गेले. फळ्यावर तुझं अक्षर तसंच आहे. मी तुझी नोंद उघडली. नाव, गाव, गट, शेवटचं दान. ती काढायची ओळ मी तुझ्या पद्धतीनंच लिहिली, प्रश्नचिन्ह ठेवून, चिकटवून नाही. आता इथं कोण बघायला येणार होतं? तरीपण. प्रश्नचिन्हाच्या जागी तुझा क्रमांक गेला आणि तू यादीतून गेलास. ह्या वेळी माझ्या हातानं.

मग मी त्या भावासारखंच बाहेरून प्रोग्रॅम उघडला. गट, ओ निगेटिव्ह. गाव, कोल्हापूर. शोध. पहिल्या पायरीला कुणी निघालं नाही. यादी रिकामी. प्रोग्रॅम अडखळला नाही, सगळ्यांचे नंबर ओतले नाहीत, दारातनंच परत फिरला, आणि तू लिहिलेलं वाक्य समोर आलं. आपण त्यावर इतके भांडलो, पण ते असं खरोखर पडद्यावर उमटलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. ओ निगेटिव्हला आजवर तू असायचास.

मी तेच वाक्य त्या भावाला फोनवर जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो "बरं" म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी त्याचाच निरोप आला, मिरजेला मिळालं, बहीण बरी आहे. तुझं बरोबर होतं. वाक्य बदलायचं नाही, मंडळाला मी कळवलंय.

त्यानं फोन ठेवल्यावर मी मात्र तिथंच बसून राहिले, पडद्यावर ते तुझं वाक्य घेऊन. 

"ह्या गटाचं आज इथं कोणी नाही. वाट बघू नका."